बास्केटबॉलच्या कार्डाला कुंकू

माझ्या सासूबाईंनी बास्केटबॉलच्या कार्डाला कुंकू लावलेलं नाही. ते मी लावलं.

आमच्या घरात आणि जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेन गावापासून मुलाच्या हॅनोव्हरपर्यंतच्या ओळखीच्या मराठी मंडळींत ही गोष्ट सासूबाईंच्या नावावर सांगितली जाते. पुण्याच्या आजी जर्मनीत आल्या आणि दसऱ्याला त्यांनी नातवाच्या लाडक्या कार्डाची पूजा करून ते कामातून घालवलं. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसायचो. आता घरात सगळं उघड झालं आहे आणि मला फार हलकं वाटतं आहे. या हलकेपणातच, घडलं ते घडलं तसं एकदा लिहून टाकतो.

आधी ही कार्डं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते समजायला मलाही बरीच वर्षं लागली. पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढच्या बाजूला अमेरिकन बास्केटबॉल खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरांत त्याची उंची, वजन आणि त्याने केलेले गुण. जुनी कार्डं च्युइंगगमच्या पाकिटातून मिळायची. त्यावरच्या खेळाडूंचे केस डोक्याच्या दुप्पट असत आणि चड्ड्या आमच्या शाळेतल्या पीटीच्या चड्डीपेक्षाही आखूड.

आमच्या भागात तेव्हा अमेरिकन सैनिकांच्या छावण्या होत्या. मायदेशी परतणारी त्यांची कुटुंबं घरातल्या वस्तू शनिवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मांडून बसत. मुलगा शाळेत असताना मी त्याला एकदा तिथे सायकलचा पंप आणायला पाठवलं. तो बुटांचं खोकं घेऊन आला.

"पंप कुठे आहे?"

"बाबा, हे बघा!"

"पत्ते आणलेस?"

"पत्ते नाहीत. कार्टेन!"

"तेच ते," मी म्हणालो. तेव्हापासून आमच्या घरात त्या कार्डांचं मराठी नाव 'पत्ते' असंच पडलं. त्याला ते नाव कधीच आवडलं नाही आणि मी कधीच बदललं नाही.

माझी सगळी नोकरी कारखान्यातल्या मोजमाप विभागात गेली. हातात आलेली वस्तू मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या खोक्यातलं एक कार्ड मी व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरलं आणि म्हणालो, "हे नीट कापलेलंही नाही. एक कड तिरकी आहे."

"म्हणूनच ते दुर्मीळ आहे," तो म्हणाला.

असा भाग आमच्याकडे भंगारात जायचा. शिवाय मागच्या बाजूला च्युइंगगमचा तपकिरी डाग होता. तो डागही चांगला, असं मला सांगण्यात आलं. त्यावरून कार्ड अस्सल आहे हे कळतं म्हणे. मी त्या दिवसापासून या विषयात तोंड घालणं सोडून दिलं, म्हणजे निदान तसं ठरवलं.

पुढे तो हॅनोव्हरला इंजिनिअरिंग शिकायला गेला. ते शहर मी सुचवलं होतं, विषय मी सुचवला होता, पहिल्या वर्षाची पुस्तकंसुद्धा मीच निवडली होती. दोन हजार सालानंतर लवकरच, शिक्षण अर्ध्यावर असताना, त्याने फोन करून सांगितलं की तो हे सगळं सोडून क्रीडाशास्त्र घेतो आहे. शाळेत खेळ शिकवणार. मी फोनवर एवढंच म्हणालो, "म्हणजे आता जन्मभर पत्ते कुटून पोट भरणार का?"

मग तो "च्युस, बाबा" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर मी फोन उचलला की एकच प्रश्न यायचा, "आई आहे?" आई नसली की "मग नंतर करतो." मराठी अजून तोंडात होती हे नशीब. असे कितीतरी महिने गेले. माझं चुकलं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण मुलाला 'माझं चुकलं' म्हणायचं असतं, हे माझ्या वडिलांनी मला कधी करून दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. ऐंशीच्या घरात होत्या. लोणच्याची बरणी त्यांच्या हाताने उघडायची नाही, पण जीभ शाबूत आणि श्रद्धा त्याहून शाबूत. मुलाचा कार्डांचा अल्बम त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका हवेत उडालेल्या खेळाडूवर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोण महाराज?"

"आजी, तो बॉल टाकतो. बास्केटमध्ये."

"टोपलीत चेंडू टाकायला एवढं उडायला लागतं?"

"टोपली वर असते ना!"

"मग खाली ठेवा की," सासूबाई म्हणाल्या.

जर्मनीत आमचे सगळे सण शनिवारी येतात. दसराही त्या वर्षी सोयीच्या शनिवारी केला. सासूबाईंनी सकाळी आंघोळ करून हळद-कुंकवाची कोयरी हातात घेतली आणि घरभर फिरून वॉशिंग मशिन, व्हॅक्युम क्लीनर, मिक्सर, माझी गाडी अशा सगळ्यांना बोटं टेकवली. खाली इमारतीच्या हाउसमाइस्टरचं, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाचं, गवत कापायचं यंत्र उभं होतं. त्यालाही लावलं. यंत्राच्या लालपिवळ्या ठिपक्याकडे बघत त्या बिचाऱ्याने मला काळजीने विचारलं, "इथे काही बिघाड सापडला का?" मी त्याला म्हणालो, ही वार्षिक तपासणी असते. ते ऐकून तो समाधानाने गेला.

मुलगा आदल्या रात्री आला होता. आजीसाठी आला होता, आणि एका कार्डासाठी. ते कार्ड म्हणजे एका गाजलेल्या खेळाडूचं पहिल्या हंगामातलं कार्ड. असं कार्ड संग्राहकांना सगळ्यांत प्रिय. त्याच्याकडे त्याच्या दोन प्रती होत्या, एकीचा कोपरा दुमडलेला आणि दुसरी अगदी कोरी. कोरी प्रत त्याने हॅनोव्हरच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाला कबूल केली होती. बदल्यात त्याला असं कार्ड मिळणार होतं, जे नसल्यामुळे त्याच्या अल्बमच्या एका पानावरचा एक कप्पा शाळेच्या दिवसांपासून रिकामा होता. हे सगळं मला त्याच्या आईकडून कळलं. माझ्याशी तो "मीठ द्या" एवढंच बोलत होता.

कोरी प्रत दोन जाड पारदर्शक पट्ट्यांमध्ये चार स्क्रूंनी आवळून ठेवलेली होती. त्याने ती केलरमधून, म्हणजे तळघरातून, वर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि तो, त्याची आई आणि आजी अशी तिघंही पानं आणायला बागेत गेली. आपट्याचं झाड इथे नाही. गिंको नावाच्या झाडाची पानं मधोमध दुभंगलेली असतात आणि ऑक्टोबरात पिवळीधमक होतात, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्यांचंच सोनं वाटतो.

घरात मी एकटा होतो. मी पाट मांडला, त्यावर माझा कॅलिपर, मायक्रोमीटर, कॉलेजातला स्लाइड रूल आणि बारीक स्क्रूड्रायव्हरांचा डबा ठेवला. दर वर्षी मी यांची पूजा करतो. त्या दिवशी ओळीत सगळं लावून झालं आणि नजर टेबलावरच्या कार्डावर गेली. मला वाटलं, माझी ही हत्यारं, तसं त्याचं ते. त्याला जे मला तोंडाने सांगता येत नाही ते निदान असं सांगावं. त्याला कळणारही नाही, पण झालेलं असेल.

इथपर्यंत मी अजूनही स्वतःला दोष देत नाही. पुढचं मात्र निव्वळ माझ्या खोडीचं. कुंकू त्या पारदर्शक पट्टीवर लावून मोकळं होता आलं असतं. पण कॅलिपरला मी डब्यावर कुंकू लावत नाही, जबड्यावर लावतो. प्लॅस्टिकची पूजा मला करायची नव्हती. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, चारही स्क्रू काढले, कार्ड पाटावर ठेवलं. कोरडं कुंकू असतं तर फुंकरीने उडालं असतं. लोखंडावर टिकावं म्हणून मी ते नेहमी पाण्यात कालवतो. अनामिकेने खेळाडूच्या कपाळावर उभं बोट ओढलं, हात जोडले, आणि डोळे उघडले तोवर कुंकू त्याच्या भुवयांपर्यंत उतरलं होतं.

जुना पुठ्ठा टीपकागदासारखा पाणी पितो, हे मला मोजमाप विभागात कोणी शिकवलं नव्हतं. मी रुमालाने टिपलं, तर ते गालावर पसरलं. ओल्या कापसाने पुसलं, तर त्याचं नाक गुलाबी झालं. मग मी हिचा केस वाळवायचा फ्योन आणला आणि गरम हवा सोडली. कार्डाने दोन्ही कडा उचलल्या आणि ते पापडासारखं वळलं. तेवढ्यात जिन्यात सासूबाईंचा आवाज आला. मी कार्ड पट्ट्यांत घातलं, चारही स्क्रू आवळले, फ्योन न्हाणीघरात फेकला आणि पाटासमोर डोळे मिटून बसलो.

मुलगा आत आला. टेबलाशी गेला. मग त्याने जर्मनमध्ये जे विचारलं त्याचा सभ्य अर्थ, "हे कोणी केलं?"

मी डोळे उघडले. त्याच्या मागे न्हाणीघराचं दार उघडं होतं, आणि त्यातून लालपिवळा ठिपका लावलेलं वॉशिंग मशिन सरळ दिसत होतं. त्याने मशिनकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. माझी अनामिका लाल होती. मी हात खिशात घातला.

सासूबाईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पूजा झाली रे त्याची. आता काय होतंय त्याला!"

"पण आजी, का?"

"दसरा आहे ना."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या मनात आलं, आता फुटणार. आणि तो हसायला लागला. गुडघे मोडून जमिनीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आजी होती म्हणून हसला. मी केलं असं कळलं असतं तर? ज्या माणसाने त्याच्या कार्डांना पत्ते म्हटलं, ज्याने फोनवर तसं विचारलं, त्याने ते मुद्दाम नासवलं, यापलीकडे त्याच्या मनात काही आलं नसतं. तोंड उघडायचं ठरवून मी दोनदा घसा खाकरला. मग जेवणाची पानं मांडली गेली आणि त्याने श्रीखंडाचं भांडं माझ्यापुढे धरलं. "बाबा, अजून?" कितीतरी महिन्यांनी तो मला आपणहून काही विचारत होता. मी वाटी पुढे केली आणि गप्प बसलो.

हॅनोव्हरच्या संग्राहकाने भिंगातून कार्ड पाहिलं, गोष्ट ऐकून मनसोक्त हसला आणि अदलाबदल करायला नकार दिला. च्युइंगगमचा डाग चालतो, कुंकवाचा नाही. कप्पा रिकामाच राहिला. रिकामा नाही म्हणता येणार, कारण त्या संध्याकाळी सासूबाईंनी अल्बम मागून घेतला होता आणि गिंकोचं एक पान त्या कप्प्यात सरकवलं होतं. "सोनं आहे, असू दे," म्हणाल्या.

त्यानंतर ती गोष्ट मोठी होत गेली. मुलगा ती मित्रांना सांगायचा, शाळेत नोकरी लागल्यावर तिथल्या सहकाऱ्यांना सांगायचा, त्याच्या लग्नात तर दोन भाषांत सांगितली. तो माझ्याशी बोलायला लागला होता, फोनवर आता "आई आहे?"च्या आधी "कसे आहात?" यायचं, आणि हे सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे असं मला वाटायचं. सासूबाई पुण्याला परतल्या. फोनवर त्या मला पूर्वीसारख्याच "जावईबापू, तब्येत जपा" म्हणायच्या. एकदा मी म्हणालोही, "त्या कार्डाचं तुमच्यावर आलं." त्या म्हणाल्या, "ऐकू नाही येत हो नीट," आणि फोन मुलीकडे द्यायला सांगितला. काही वर्षांनी त्या गेल्या. त्या गेल्यावर ही गोष्ट ऐकणं मला जड व्हायला लागलं, कारण आता ती त्यांची आठवण म्हणून सांगितली जात होती.

दशक संपता संपता एक दसरा आम्ही हॅनोव्हरला मुलाकडे केला. माझी सून जर्मन आहे आणि इंजिनिअर आहे. मुलाने स्वतः व्हायचं सोडलं, पण इंजिनिअर घरात आणली, एवढं माझं ऐकलं. पीएचडी करणारी दोन मराठी मुलं जेवायला होती. पुरीबरोबर गोष्ट निघालीच. मुलं हसली, मी हसलो. सून हसली नाही. ती मनात काहीतरी जुळवत होती.

"एक मिनिट," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ते कार्ड स्क्रूंनी बंद होतं ना? मग स्क्रू कोणी काढले?"

"आजीने," मुलगा म्हणाला.

"आजीला बरणी उघडत नव्हती. तूच सांगतोस."

"आल्झो... म्हणजे... काढले असतील कसेतरी."

"आणि परत लावले? चारही? कसेतरी लावले असते तर एका बाजूला दाब पडून पट्टीला तडा गेला असता. तुझ्या त्या पट्टीला एक ओरखडासुद्धा नाही."

"समोरासमोरचे आवळले तर तडा जात नाही," मी म्हणालो. "एक इकडचा, मग तिरका त्याच्या समोरचा. थोडे थोडे. म्हणजे दाब सारखा पडतो."

"गेनाऊ!" सून खूश होऊन म्हणाली. "अगदी तसंच!"

मुलाने पुरी खाली ठेवली.

"बाबा?"

"मी," मी म्हणालो. "स्क्रू मी काढले. कुंकूही मीच लावलं. आजीने नाही."

"सुटले एकदाचे!" माझी बायको म्हणाली आणि श्रीखंड वाढायला लागली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"अहो, त्या कार्डावर नुसतं कुंकू होतं. हळद कुठे होती? माझ्या आईने जन्मात कधी हळदीशिवाय कुंकू लावलंय? आणि ते सुद्धा उभं, गड्यासारखं? आईला बघताक्षणी कळलं होतं. मला म्हणाली, माझ्यावर राहू दे. मी काय, चार दिवसांनी जाईन परत. ह्यांना मुलाबरोबर इथेच राहायचंय."

मी पाणी प्यायलो. मुलगा माझ्याकडे बघत होता. लहानपणी पंपाऐवजी खोकं आणलं तेव्हाही असाच बघत होता.

"मुद्दाम केलंत?" त्याने विचारलं. मराठीत विचारलं.

"नाही रे." मी म्हणालो. "माझी हत्यारं मांडली होती पाटावर. वाटलं, तुझंही मांडावं. फोनवर बोललो होतो ते... ते पुसायचं होतं. तर हेच पुसत बसायला लागलं."

पीएचडीवाल्यांपैकी एक जण ताटात बघून हसू दाबत होता. मुलाने डोक्याला हात लावला. मग म्हणाला, "बाबा, पण प्लॅस्टिकवरून लावायचं ना!"

"तेच मी म्हणते," ही म्हणाली. "देवाच्या तसबिरीलाही आपण काचेवरूनच लावतो. ह्या उड्या मारणाऱ्याचं काय विशेष होतं?"

मग तो हसला. त्या दसऱ्याला जमिनीवर बसून हसला होता तसाच, आणि हसता हसता उठून माझ्या खुर्चीमागे येऊन त्याने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर श्रीखंडात पाणी पडलं असतं.

जेवणानंतर त्याने अल्बम काढला. गिंकोचं पान तपकिरी होऊन त्या कप्प्यात अजून होतं. गुलाबी नाकाचा खेळाडू चार स्क्रूंमध्ये होता. सुनेने तो पाटावर, मी पूजेसाठी बरोबर आणलेल्या कॅलिपरशेजारी ठेवला आणि कोयरी माझ्यापुढे केली. मी आधी हळद लावली, मग कुंकू, आणि दोन्ही पट्टीवरून. हिने मान डोलावली.

गोष्ट अर्थातच थांबलेली नाही. मुलगा आता ती नव्या तऱ्हेने सांगतो. त्यात आजी सगळं ओळखून गप्प बसते, आणि इंजिनिअर बाप घामाघूम होऊन कार्ड ओव्हनमध्ये भाजतो. परवा फोनवर तो कोणाला तरी सांगत होता की मी ते दोनशे डिग्रीवर ठेवलं. मागे सुनेचं हसणं ऐकू येत होतं. मी मध्ये बोललो नाही. पण हे लिहितोच आहे तर तेवढं नोंदवून ठेवतो. तो फ्योन होता. ओव्हन नव्हता.